ताईंचा उशिरा आलेला पास

एक इस्पिक. पास. तीन इस्पिक. पास. चार इस्पिक.

इथपर्यंत तुझं काही चुकलेलं नाही.

ब्रिजचा शेवटचा डाव आहे. क्लबची वरच्या मजल्यावरची खोली, टेबलांवर हिरवं कापड. समोर तुझी नणंद, ताई, तुझी भिडू. दोन्ही बाजूंना दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. आज जी जोडी पहिली येईल ती क्लबच्या संघातून बाहेरगावी खेळायला जाईल. ताई दरवर्षी दुसऱ्या येतात. दुसऱ्या येतात आणि घरी येऊन भांडी आदळतात. आख्ख्या गावाला त्यांनी मोटार चालवायला शिकवलं, तुला पत्ते धरायला. यंदा जमेल असं वाटतंय.

डॉक्टरांनी चार इस्पिक म्हटलंय. म्हणजे इस्पिक हुकूम, आणि तेरापैकी दहा हात करून दाखवतो. आता बोलायची पाळी ताईंची.

ताई थांबल्या.

(नाही, नीट सांग. ताई पास द्यायला कधी थांबत नाहीत. माशी उडवावी तसा पास देतात. आज त्यांची बोटं बोलीच्या पत्त्यांच्या पेटीतल्या लाल डबलपाशी गेली, रेंगाळली, आणि मग त्यांनी हिरवा पास टेबलावर ठेवला.)

डॉक्टरांच्या बायकोचा पास. आता तू.

तुझ्या हातात बदामचा एक्का, चौकटचा राजा आणि बाकी कचरा. डबल म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना सांगणं की तुमचे दहा हात होत नाहीत. पडले तर त्यांना दुप्पट भुर्दंड, झाले तर आपली शोभा. ते कशावरून ठरवायचं हेही ताईंनीच शिकवलंय. आपले हात मोज. भिडूने बोलीतून काय सांगितलं ते आठव. प्रतिस्पर्ध्यांनी उडी जास्त मारली का ते बघ. भिडूचा चेहरा, बोटं, उसासा यातलं काही दिसलं तर दिसलं नाही असं समज. दिसल्यावर मोह होईल, तर मोहाच्या उलट वाग, नियमच आहे तसा.

तुझे हात दोन, तेही नशीब बरं असेल तर. बोलीतून ताईंनी काहीच सांगितलेलं नाही.

तू डबल ठेवलास.

पुन्हा सांग. तुला वाटलं, डॉक्टरांची बोली फुगलेली आहे.
नाही.
तुला वाटलं, शेवटचाच डाव आहे, लागलं तर लागलं.
नाही.
तुला ताईंची बोटं दिसली.
हो.

डॉक्टर तीन हातांनी पडले. हुकमाचे राजा, गुलाम, दश्शी सगळे ताईंकडे, बरोबर डॉक्टरांनंतरच्या पाळीला, त्यांच्या पाठीवर बसलेले.

"वहिनी, आज तुम्हीच माझा दात उपटलात," डॉक्टर हसत म्हणाले. "तोही भूल न देता!"

"मी म्हणतच होते, चारवर जाऊ नका," त्यांची बायको म्हणाली. "पण आमच्याकडे ऐकायचं काम फक्त पेशंटचं."

ताईंच्या थांबण्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. डॉक्टर स्वतःच्या पानांत, बायको डॉक्टरांवर चिडलेली. त्या कौतुकाने तुझे कान तापले. ताई हसल्या नाहीत. पाण्याच्या पिंपापाशी त्यांनी तुला गाठलं.

"कशावर केलास गं डबल?"

"एक्का होता. राजा होता."

"ते मी बघितलं की, खेळताना. बाकी कशावर?"

तू पेल्यात पाणी घेतलंस. नको असताना प्यायलीस.

"मी थांबायला नको होतं," ताई म्हणाल्या. "डबल केला तर हुकूम कुठे आहेत ते त्यांना कळेल, म्हणून विचार करत बसले. बावळट मी."

"ताई, मी पंचांना सांगते."

त्या नको म्हणाल्या नाहीत, सांग म्हणाल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि तुला त्यांच्या मानेवर ती सगळी दुसरी येण्याची वर्षं दिसली.

तू गेलीस. हे तुझ्या बाजूने लिहून ठेव, गेलीस. पंचांनी डॉक्टरांना बोलावलं, ताईंना बोलावलं. तू म्हणालीस, माझ्या भिडू पास देण्याआधी थांबल्या होत्या.

"छे हो, आम्हीच बहकलो होतो," डॉक्टर म्हणाले. "कोणीही डबल केला असता. आमची काही तक्रार नाही."

पंचांनी चष्मा वर सरकवला. "तरी विचारतो. त्या थांबल्या नसत्या, तरी तुम्ही डबल केला असता?"

ताई तुझ्याकडे बघत होत्या.

"केला असता," तू म्हणालीस.

निकाल तसाच राहिला. टाळ्या वाजल्या. ताईंनी तुझा हात धरला, घट्ट, मोटारीत शिकाऊ माणसाचा धरतात तसा, गाडी भलतीकडे जाऊ नये म्हणून. घरी नवऱ्याने विचारलं, "काय, आज भांडी नाही आपटली ताईने?" ताई म्हणाल्या, "जिंकले ना." आणि लवकर झोपायला गेल्या.

*

बाहेरगावी. मोठा हॉल, अनोळखी माणसं.

पहिल्या डावापासून तुझ्या लक्षात आलं. ताई विचारच करत नाहीत. पाळी आली की पान टाकतात, पाळी आली की बोली ठेवतात, सगळं एका ठेक्यात, शिवणयंत्रासारखं. सोपा डाव असो, अवघड असो. जिथे त्यांनी निवांत बसून हिशोब करायला हवा, जिथे त्यांच्यासारखा हिशोब आख्ख्या क्लबात कोणी करत नाही, तिथेही. दोन डाव त्यांनी असेच घालवले. तू बघितलंस तर म्हणाल्या, "खेळ तू."

तू त्यांना थांबा म्हणू शकत नाहीस. काय म्हणून म्हणणार?

मग प्रतिस्पर्ध्यांनी चार बदाम म्हटलं. ताईंचा पास, लगेच. तुझ्या हातात हुकमाचे राजा, राणी, गुलाम, शिवाय बाहेरचे दोन एक्के. कोणाला काही विचारायला नको, कोणाच्या बोटांकडे बघायला नको. चार हात तुझे स्वतःचे, म्हणजे त्यांची बोली पडलीच. लहान मूलही डबल करेल.

तुझं बोट लाल पत्त्यावर गेलं. हे मी ठरवलंय? की पास देताना ताईंनी श्वास आत घेतला होता? घेतला होता का? तू नीट बघितलं नव्हतंस. की बघितलं होतंस?

तू पास ठेवलास.

ते दोन हातांनी पडले. पाठ थोपटून घ्यावी इतक्या स्वस्तात सुटले. "डबल नव्हता, वाचलो," त्यातला एक म्हणाला.

ताईंनी तुझी पानं आपल्याकडे ओढली. राजा, राणी, गुलाम, दोन एक्के एकेक करून बघितले. बराच वेळ बघत राहिल्या. मग पानं सारखी करून त्या डावाच्या पाकिटात घातली.

"पुढचा डाव काढ," त्या म्हणाल्या.