दाजींची अक्षरं, मेव्हण्याची अक्षरं

दाजींनी सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. स्क्रीनभर मुंग्या! अक्षरंच होती ती, पण मेव्हण्याने बारीक करून करून त्यांच्या मुंग्या केल्या होत्या.

गोदाम होतं कड्या, कुलपं आणि बिजागऱ्यांचं. सकाळी दाजी बसायचे, दुपारनंतर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. टेबल एक, खुर्ची एक, आणि मालाचा रिपोर्ट काढायचा प्रोग्रामही एकच. सेटिंग जो शेवटी बदलेल त्याची. दाजी आले की टपोरी अक्षरं, ऐसपैस रकाने. मेव्हणा आला की सगळं कोंबून एका पानात. मधल्या वेळेत दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि जेवता जेवता यावरूनच भांडायचे. भांडणाशिवाय दाजींना घास गोड लागत नव्हता, हेही तितकंच खरं.

पण दोन दिवसांनी गंमत अंगाशी आली. दारात बिजागऱ्यांचा ट्रक उभा राहिला, आणि आत बिजागऱ्या आधीच छतापर्यंत!

शेठ कमरेवर हात ठेवून आले. "एवढी दारं आहेत का जगात? मागवल्या कोणी?"

"मी," दाजी म्हणाले. "रिपोर्टात शून्य दिसलं."

झालं असं होतं की, आलेला माल मोजेपर्यंत त्याचा आकडा रिकामा राहायचा. दाजींच्या सेटिंगमध्ये तिथे 'मोजणी बाकी' असं यायचं. त्या दोन शब्दांनी रकाना फुगतो म्हणून मेव्हण्याने रिकाम्या जागी शून्य दाखवायला लावलं होतं. त्या मुंग्यांच्या सकाळी दाजींनी अक्षरं तेवढी मोठी केली, शून्याची सेटिंग बदलायची राहूनच गेली. माल संपला समजून मोकळे झाले.

"पुन्हा असं झालं," शेठ म्हणाले, "तर एकाला नदीपलीकडच्या गोदामात धाडतो. मग करा तिकडून भांडणं."

त्या दिवशी डबा उघडला पण हात कोणी घालेना. नदीपलीकडे गेलं की दुपारची ही बैठक संपली.  शेवटी दाजीच बोलले.

"मेव्हणे, एवढी बारीक अक्षरं लागतात कशाला? मुंगीच्या चष्म्यातून वाचता काय?"

"अहो दाजी, मी शिडीवर चढून माल बघतो. एका हातात कागद, एका हाताने शिडी. तीन-तीन कागद कुठे धरू, दातात?"

हे दाजींना कधी सुचलंच नव्हतं.

"आणि तुम्हाला हो कशाला पाट्यांएवढी अक्षरं?"

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "दिसत नाही रे. तुझ्या बहिणीला सांगू नकोस, लगेच म्हातारा म्हणेल."

"ती आजही म्हणतेच," मेव्हणा म्हणाला आणि पहिला घास त्याने उचलला.

दोघांनी मिळून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना बोलावलं. बाई हसल्या. "भांडत काय बसलात? प्रोग्राम उघडताना आधी सेटिंगची फाईल वाचतो. प्रत्येकाची वेगळी फाईल करू. ज्याच्या नावावर टिचकी माराल, त्याचं घर मांडून मिळेल."

"पण रिकाम्या जागी काय दाखवायचं, ते दोघांचं एकच पाहिजे," दाजी म्हणाले.

"आणि लांबलचक नको," मेव्हणा.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, 'थांब'. रकान्यात मावतं, आणि वाचणाऱ्याचा हातही थांबतो. पुढच्याच आठवड्यात कुलपांसमोर 'थांब' आलं, दाजी थांबले, जाऊन मोजलं, तर माल भरपूर. शेठ काही बोलले नाहीत. शेठचं न बोलणं म्हणजे शाबासकीच. नदीपलीकडचा विषय मिटला.

सगळं कसं सुरळीत चाललं. सकाळी दाजींची टपोरी अक्षरं, दुपारी मेव्हण्याच्या मुंग्या. आणि जेवताना?

"भाजी बरी आहे," मेव्हणा.

"हो, बरी आहे," दाजी.

पुढे शब्द नाही. चार दिवस असंच. दाजींना करमेना. पाचव्या दिवशी डबा धुवायला मेव्हणा नळावर गेला, तेवढ्यात दाजींनी हळूच त्याची सेटिंग उघडली आणि मागचा रंग केला पोपटी. असा पोपटी, की डोळे मिटले तरी दिसावा. आकड्यांना मात्र हात लावला नाही. 'थांब'लाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी आपल्या नावावर टिचकी मारली. स्क्रीनभर एकच अक्षर आलं, भिंतीएवढं. 'बि'. बिजागरी वाचायची तर उजवीकडे सरकतच राहायचं.

दाजी खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. मग त्यांनी आपली सेटिंग नीट लावली, आणि मेव्हण्याला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत, डब्याच्या वेळेकडे डोळे लावून कामाला लागले.