माझ्या चहाला नाही म्हणणारा हायरम

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमची एक जुनी किटली आहे. जेद्दा शहरातल्या शराफिया भागात, सिराजुद्दीन टेलरच्या दुकानात, कोपऱ्यातल्या शेगडीवर माझा मुक्काम असतो. साखर माझ्या पोटात असते, तोंडात नसते, त्यामुळे गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मुंबईच्या एका कारखान्यात मला पत्र्यातून दाबून काढलं. चिपळूणच्या बाजारात मी टांगलेली असताना सिराजुद्दीनच्या अम्मीने मला विकत घेतलं आणि सौदीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत लुंगीत गुंडाळून कोंबलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे आणि माझं बूड काळं.

आमच्या दुकानाचा कायदा एकच. आधी चहा, मग माप. इजिप्तचा मिसरी येवो, पठाण येवो, मलबारी येवो, कप रिकामा झाल्याशिवाय सिराजुद्दीनच्या गळ्यातली टेप खाली उतरत नसे. माझ्या पोटात चहाचा जाड काळा थर बसला होता. काजं-बटणं करणारा हाशिर तो घासायला निघाला की सिराजुद्दीन ओरडायचा, "हात लावू नकोस! सगळी चव त्यातच आहे." त्या थराचा मला माज होता. लपवून काय करू?

एक दिवस हायरम आला. अमेरिकन पोरगा, उंच, लाजाळू. वडील इथे इंजिनियर, म्हणून तो जेद्दातच वाढलेला. मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. मी तुम्हाला मराठीत सांगते. त्याला दोन गडद रंगाचे सूट हवे होते. दोन वर्षांसाठी इंग्लंडला जायचं होतं.

"बस. चहा घे," सिराजुद्दीन म्हणाला.

"नको चाचा, पोट बिघडलंय."

बिचारा, म्हणून त्या दिवशी चहाशिवाय माप घेतलं. ट्रायलला आला तेव्हा पुन्हा कप पुढे केला. या वेळी म्हणाला, "डॉक्टरांनी मना केलंय."

तो गेल्यावर हाशिर दात काढत आत आला. "चाचा, तुमचा पेशंट रस्त्यापलीकडे उभा राहून मटणाचा दुसरा शावर्मा खातोय."

सिराजुद्दीनचं तोंड लाल झालं. "म्हणजे आमच्या हातचं चालत नाही गोऱ्याला! तोंडावर सांगायची हिंमत नाही, पोटाच्या नावाने खोटं बोलतो! खलास. नाही शिवणार सूट." त्याने अर्धे शिवलेले दोन्ही कोट गुंडाळून फळीवर फेकले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. मीही चिडलेच होते.

हायरम पुन्हा आला तेव्हा त्याचं विमान तिसऱ्या दिवशी होतं. सिराजुद्दीनने मान वर केली नाही. "फळीवर गाठोडं आहे. उचल आणि जा. दुसरा टेलर बघ."

"चाचा, दोन दिवसांत कोण शिवून देणार?"

"ज्याच्या हातचं तुला चालतं तो देईल."

पोराचे कान लालभडक झाले. तो दारापर्यंत गेला, थांबला, परत आला.

"तुमच्या हातामुळे नाही, चाचा. पोटही ठीक आहे. मी खोटं बोललो. आमच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य आहे. मी मॉर्मन आहे. ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ आहे आमचा. बाहेर धर्माचं बोलायचं नाही, असं घरी बजावलंय. वडिलांची नोकरी आहे इथे. म्हणून घाबरून पोटाचं सांगितलं."

मशीन थांबलं.

"आणि इंग्लंडात काय करणार?" सिराजुद्दीनने विचारलं.

"तिथे आमचा धर्म सांगणार. इथे नाही, इथे ते चालत नाही. तिथे दारोदार जायचं. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास, प्रार्थना, मग दिवसभर पायी. आम्ही नेहमी दोघं असतो, एकट्याने कुठे जायचं नाही. सिनेमा नाही. स्वयंपाक, कपडे, इस्त्री आपली आपण. घरी फोन आठवड्यातून एकदा."

"पगार?"

"पगार नाही."

"सुट्टी? घरी कधी येतोस?"

"दोन वर्षं नाही."

"कफील कोण मग तुझा? आम्हाला इथे बोलावून ठेवून घेणारा असतो, तसा मालक?" हाशिरने टोमणा मारला.

हायरमने बोट वर केलं. आढ्याकडे, आढ्याच्याही वर. हाशिर हसला. सिराजुद्दीन हसला नाही.

"हाशिर, गप. आपण पण दोन-दोन वर्षं घर बघत नाही, पण आपण पोटासाठी. हे पोर उपाशी नाही, त्याला कुणी हाकललेलं नाही, आणि लोकांची दारं तोंडावर आपटून घ्यायला आपल्या पायांनी निघालंय." मग तो हायरमकडे वळला. "मला तुझ्या पंथात यायचं नाही. पण हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं असतंस, तर मी सूट कालच दिले असते. मग काय घेशील तू? पुदिन्याचं पाणी चालेल?"

"चालेल."

मित्रांनो, मग सिराजुद्दीनने मला उचललं. आतला उकळलेला चहा मोरीत ओतला. लिंबू आणि तारेची घासणी घेऊन तो स्वतः मला घासू लागला. ज्याला कुणी बोट लावायचं नाही, तो थर काळ्या पाण्यासारखा वाहून गेला. मला दुखायला हवं होतं. पण मी थक्क होऊन त्या माणसाचे हात बघत राहिले. ज्या पोराचा धर्म त्याला पटत नव्हता, त्याचा नेम मोडू नये म्हणून तो माझ्यातला चहाचा वाससुद्धा काढून टाकत होता! आणि समोर ते एकोणीस वर्षांचं पोर. सगळी दुनिया ज्या घोटाने जागी होते, तो घोट त्याने जन्मात घेतला नव्हता, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी दारं वाजवायला निघालं होतं. इतकी वर्षं मी उकळते आहे, पण अशी आच मी पाहिली नव्हती.

हायरम दोन कप पुदिन्याचं पाणी प्यायला. मग सिराजुद्दीन म्हणाला, "इंग्लंडात घरोघरी चहा विचारतील. तिथेही पोट बिघडवणार? यल्ला, चल, बाहेर जा आणि दार वाजव. धर्माचं काही नको, फक्त चहा नाकारून दाखव."

हाशिर डोक्यावर अस्तराचं कापड घेऊन घरातली म्हातारी झाला आणि बारीक आवाजात म्हणाला, "ये बाळा, चहा घे."

"नको, माझं पोट..."

"पोट म्हणालास तर कात्री मारीन!" सिराजुद्दीन गरजला. "पुन्हा!"

पाच-सहा वेळा तो आत-बाहेर झाला. शेवटी ताठ उभा राहिला, हाशिरच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आभारी आहे. माझ्या धर्मात चहा वर्ज्य आहे. पण पाणी दिलंत तर बसून नक्की पिईन."

हाशिरने डोक्यावरचं कापड काढलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

सिराजुद्दीनने रात्र जागून दोन्ही सूट पुरे केले, आणि विमानाच्या आदल्या दिवशी हायरम त्यातला एक घालून दुकानातूनच घरी गेला. खांद्यात जराही सुरकुती नव्हती.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना टाकून देऊ नका, घासा, ती अजून उपयोगी पडतात, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठं सांगते. नको असेल तर खरं कारण सांगून नको म्हणा. आणि तुमच्या दारात आलेल्या माणसाने कप परत सारला तर लगेच नाक फुगवू नका. "मग काय घेशील?" एवढंच विचारा. आमच्या दुकानाला हे वेळेवर सुचलं नाही, आणि अर्धे शिवलेले कोट फळीवर टाकून आम्ही एका पोराला परक्या मुलखात रिकाम्या हाताने धाडणार होतो.