नारळाने फुटलेला टॅब

मी एक फुटका टॅब आहे. मित्रांनो, हे ऐकून हळहळू नका. मला दया नको, माझे म्हणणे तेवढे नीट ऐका.

मी स्वस्तातला. आवाज बारीक, कॅमेरा धूसर. पण गणिते, गोष्टी, नकाशे सारे पोटात घेऊन मी आलो होतो. आम्हा दहा जणांचे खोके अमरावतीहून हिवरखेडजवळच्या एका शाळेत पोचले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक भगवंतरावांनी मात्र आम्हाला पुसले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि कपाटात घालून कुलूप लावले.

"फुटला त वरून विचारतीन," ते म्हणाले. "मंग मी काय सांगू?"

तपासणीला साहेब आले की आम्ही बाहेर. फोटो निघाला की पुन्हा आत. याला म्हणे जपणे! मला भयंकर संताप यायचा. ज्यासाठी आणले ते करू द्यायचे नाही, आणि वर कौतुक, की अजून किती नवा दिसतो.

दसऱ्याच्या पूजेला आम्हाला टेबलावर मांडले. हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला. मग भगवंतरावांनी इतक्या भक्तिभावाने नारळ आपटला, की करवंटीचा तुकडा उडून थेट माझ्या काचेवर बसला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

पाचवीतली प्रणाली शेजारीच उभी होती. पूजेची फुले तिने आपल्या शेतातून आणली होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, हा त आता फुटलाच हाये. मंग आमाले वापरू द्या ना."

सरांनी मला तिच्या हातात दिले. प्रणालीने काचेवर चिकटपट्टी लावली आणि मी वर्गात आलो. काय दिवस होते ते! पोरे माझ्यावर चुकत, पुसत, पुन्हा करत. त्याच वर्गातली मोनाली वाचताना फार अडखळायची, म्हणून कधी तोंडच उघडत नसे. ती माझ्यात आपला आवाज भरून ऐकू लागली. पण अख्ख्या वर्गात मी एकटा. तिचा नंबर येईपर्यंत बहुतेक वेळा घंटा व्हायची.

एके दिवशी ती कपाटापाशी जाऊन उभी राहिली. तिने अगदी मनापासून विचारले, "सर, बाकीचे कधी फुटतीन?"

भगवंतरावांनी खिशातली किल्ली चाचपली. मग त्यांनी कुलूप काढले.

माझे पाच भाऊ चालू झाले. चार झालेच नाहीत. पडून पडून त्यांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. काचेवर मात्र एक ओरखडा नव्हता. मला त्यांचे फार वाईट वाटते, आणि रागही येतो.

आता मोनालीच्या हातात रोज एक टॅब असतो. परवा तिने वर्गासमोर उभे राहून अख्खे पान वाचले. तीनदा अडली, पण खाली बसली नाही.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, उन्हात टाकू नका, एवढी काळजी जरूर घ्या. पण काळजीच्या नावाखाली मला कोंडाल, तर ती मला नको. माझी बॅटरी संपवा. रोज संपवा.