संदर्भ कक्षाबाहेरची तहसीन

मार्गशीर्षात आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात दुपारचे ऊन तिरपे शिरते, खांबांच्या मुळाशी क्षणभर थबकते आणि मग फरशीवरून संथपणे सरकत जाते. त्या उन्हाच्या पट्ट्यामागोमाग, मांडीवरचे पुस्तक न मिटता, एका हाताने दप्तर ओढत थोडी थोडी जागा बदलणारी तहसीन मला अजून दिसते. सातपुड्याकडून येणारा वारा त्या दिवसांत बोचरा असतो, म्हणून ती उन्हात बसे. तिच्या पाठीशी एक दार होते आणि दाराला कुलूप होते. दारावर पितळी अक्षरांत 'मानव्यविद्या संदर्भ कक्ष' अशी पाटी होती. ती पाटी मात्र रोज सकाळी पुसली जाई.

मी या कॉलेजात इतिहास शिकवते, तेही तासिका तत्त्वावर; म्हणजे वर्ग भरला की हवीहवीशी आणि सुट्टी लागली की कुणाच्या स्मरणातही नसलेली. तहसीन माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. संग्रामपूरकडच्या एका लहानशा गावातून ती सकाळच्या बसने येई आणि संध्याकाळच्या बसने परत जाई. मधली सारी दुपार तिची स्वतःची असे, आणि अशी दुपार तिच्या घरातल्या कुठल्याही बाईच्या वाट्याला त्यापूर्वी आली नव्हती.

तिचे वडील रफीकभाई पिंजारी. गाद्या आणि रजया भरण्याचे काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. लोकांना थंडी वाजू लागली की त्यांच्या घरात हंगाम सुरू होई. पुढच्या खोलीत पिंजण्याचे यंत्र दिवसभर घरघरे, मागच्या खोलीत कापसाचे ढीग छताला भिडत, आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत स्वयंपाक, नमाज, पाहुणे आणि झोप हे सारे आळीपाळीने उरकले जाई. तिथे पुस्तक उघडले तर त्यावर आधी कापूस बसे. तहसीन कॉलेजात आली तरी तिच्या भुवयांवर, ओढणीच्या काठावर एखादा पांढरा तंतू असे, आणि बोलता बोलता तो टिपून घेऊन, कुठे टाकावा हे न कळल्यासारखी ती तो बोटांत वळत बसे. आवाज खालचा, पण शब्द ठाम. हसणे अगदी अवचित, नको तिथे येणारे. एकदा मी वर्गात एका राजवटीच्या ऱ्हासाची कारणे मोठ्या तन्मयतेने मांडत होते, तर ही बाई मागच्या बाकावर हसली. मी रागावून विचारले तर उठून म्हणाली, "काही नाही मॅडम. राजे गेले, सरदार गेले, तं त्याहीच्या गाद्या मंग कोनं उसवल्या असतीन, याचा इचार करून राह्यली होती." त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तिचा लघुप्रबंधाचा विषय तिने स्वतः निवडला होता: वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजारात पिंजाऱ्यांचे स्थान. पीक पिकवणाऱ्यांवर लिहिले गेले, विकणाऱ्यांवर लिहिले गेले. कापूस पिंजणाऱ्यांवर फारसे कुणी लिहिले नव्हते. हा विषय ऐकून आमच्या विभागातल्या एका गृहस्थांनी "गादीवर प्रबंध?" असे म्हणून चहा सांडेपर्यंत हसून घेतले. हसोत. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची पाने कुणी उघडलेली मला माहीत नाहीत.

तिला घरून मिळालेली परवानगी मात्र कच्च्या धाग्याची होती. श्रावणात प्रवेश घेतला तेव्हाच रफीकभाईंनी सांगितले होते, दिवाळीपर्यंत पाहू. मुलीने शिकू नये असे त्यांना वाटत नव्हते; तास संपल्यावर संध्याकाळच्या बसपर्यंत वयात आलेली मुलगी परक्या गावात बसते कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कुठल्याही बापाचा असतो. मुख्य ग्रंथालयात पुस्तक खिडकीतून हातात येई आणि बसायच्या बाकांवर स्पर्धा परीक्षांच्या मुलांची सकाळीच रुमाल टाकून मालकी झालेली असे. संदर्भग्रंथ तर घरी न्यायलाही मिळत नसत. विज्ञानाला प्रयोगशाळा, वाणिज्याला संगणक आणि कलावाल्यांना खडू, अशी आमच्याकडची वाटणी. या वाटणीविरुद्ध कुणी चकार शब्द काढत नसे.

दिवाळी उलटली आणि कॉलेजला मूल्यांकन समिती येणार असल्याची वार्ता आली. अशी समिती यायची म्हटले की आमच्या परिसराला लग्नघराची कळा येते. बोडक्या कुंपणाशी कुंड्या उगवतात, नळांना पाणी येते, आणि ज्या खोलीत इतके दिवस जुन्या उत्तरपत्रिकांची पोती रचलेली असतात ती खोली फिनेलने धुऊन निघते. त्या खोलीत रसायनशास्त्राच्या खुर्च्या आल्या, प्राचार्यांच्या दालनातला गालिचा आला, काचेची कपाटे आली आणि कपाटांत मुख्य ग्रंथालयातले निवडक ग्रंथ येऊन बसले. दारावर पितळी पाटी लागली. वाचक हवेत म्हणून आम्हाला मुली निवडायला सांगितले. खुर्च्या भरायला पालकही हवेत म्हणून पालक मेळाव्याची निमंत्रणे गेली.

रफीकभाई आले. पांढराशुभ्र कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात टोपीइतकीच जपलेली निमंत्रणाची पत्रिका. समितीचे सदस्य बूट वाजवत आत गेले आणि तसेच बाहेर आले. रफीकभाईंनी मात्र उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. पुस्तकांच्या खोलीत चपला घालून जायचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलेही नाही. आत खिडकीशी तहसीन बसली होती. इतर मुली पुस्तक समोर धरून समितीकडे पाहत होत्या; ही एकटी खरोखरच वाचत होती. तिच्या पुढ्यात जिल्ह्याच्या वर्णनाचे एक जुने, जाडजूड पुस्तक होते आणि त्यात तिला हवा तो कापसाच्या बाजाराचा भाग सापडला होता. बाप जवळ येऊन उभा राहिला हेही तिला कळले नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खोलीभर नजर फिरवली, पंखा पाहिला, खिडकीची जाळी पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अशी जागा असल्यावर काय फिकीर हाय, मॅडम? शिकू द्या तिले. दोन्ही वर्स शिकू द्या." तहसीनने वर पाहिले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी आनंद म्हणणार नाही, पोटभर जेवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे काहीतरी ते होते.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शिपाई खुर्च्या न्यायला आला. तहसीन पान पुरे करायचे म्हणून थांबली होती. पुस्तक तिच्या हातून अलगद काढून घेतले गेले, कपाट बंद झाले, मग दार बंद झाले आणि दाराला कुलूप लागले. कुणी दरडावले नाही, कुणी अपमान केला नाही. सारे इतक्या सवयीने घडले की तिला वाटले, उद्या उघडेल. ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. आपल्यासाठी खोली उघडली हे जिने मनापासून खरे मानले अशी साऱ्या कॉलेजात ती एकटीच होती.

मी ग्रंथपालांकडे गेले. ते म्हणाले, एखादे पुस्तक हरवले तर माझ्या निवृत्तीच्या वेळी अडवणूक होते, किल्ली देऊन मी का मरू? मी प्राचार्यांकडे गेले. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मॅडम, कलावाल्यांना वाचायला खोली कशाला? झाडाखालीसुद्धा वाचता येतं. पूर्वी गुरुकुलात काय होतं?" मी म्हटले, "मग समितीला झाडच दाखवायचं होतं." त्यानंतर पुढच्या सत्रात माझे तास कमी झाले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे लहानपणापासून ऐकले होते. दाखवायच्या दातांनीही चावता येते, ते तेव्हा कळले.

आणि तहसीन त्या दाराबाहेर बसू लागली. बापाला शब्द दिला होता की त्या खोलीत बसेन. खोलीत जाता येईना, तर निदान खोलीच्या जितके जवळ बसता येईल तितके बसावे, असा तिचा हट्ट. मी माझी पुस्तके तिला आणून देई. ती वाची, टिपणे काढी, आणि मान अवघडली की उठून खिडकीच्या जाळीतून आतल्या कपाटाकडे पाही. तिचे ते जाडजूड पुस्तक काचेआड तिसऱ्या फळीवर होते आणि त्याची पाठ तिला ओळखू येई. येता-जाता मुले तिच्याकडे पाहत, काही उगीच दोनदा जात. ती ओढणी सावरी आणि पान उलटे. संध्याकाळी घरी बाप विचारी, बसली होती का गं खोलीत? ती मान हलवून "हाव" म्हणे. "मॅडम, जेवन जात नाही मंग," एकदा ती मला म्हणाली. एवढेच म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली. मला त्या कुलपाचा जितका संताप आला तितका आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वस्तूचा आलेला नाही.

फाल्गुनात ऊन व्हरांड्यातून मागे हटले, कडुनिंबाची पाने झडू लागली आणि दुपारच्या शांततेत त्यांची सळसळ वर्गापर्यंत ऐकू येऊ लागली. मुलांच्या वसतिगृहाच्या गाद्या फाटल्या होत्या. त्या नव्याने भरून देण्याचे काम कुणी तरी रफीकभाईंना दिले. माल उतरवून, घाम पुसत, लेकीला भेटून जावे म्हणून ते जुन्या इमारतीकडे आले. मी शेजारच्याच वर्गातून बाहेर पडत होते. ते दाराशी उभे होते. मुलीकडे त्यांनी पाहिलेच नाही. ते कुलपाकडे पाहत होते. कुलपावर धुळीचा थर होता.

"मॅडम, हे कवापासून बंद हाय?"

मी सांगितले. समिती गेली तेव्हापासून.

त्यांनी बोटाने कुलपावरची धूळ पुसली. तहसीन पुस्तक छातीशी धरून उभी राहिली होती, आणि तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की रडण्यालाही वाट नव्हती. मग ते अगदी हळू, मला ऐकू जाईल इतकेच म्हणाले, "माही पोरगी खोटं बोलनारी नव्हती. तुमच्या कॉलेजानं तिले शिकवलं." मी म्हटले, तिचा काही दोष नाही, तिचे वर्ष वाया घालवू नका, मी माझ्या घरी तिची बसायची सोय करते. त्यांनी हात जोडले. हात जोडून नकार देणाऱ्या माणसापुढे काही चालत नाही. ती दोघे फाटकाकडे गेली तेव्हा बाप पुढे होता, लेक मागे, आणि संध्याकाळच्या बसला अजून अवकाश होता.

ती परीक्षेलाही आली नाही. पुढच्या थंडीत तिचे लग्न झाल्याचे कळले. समितीच्या अहवालात आमच्या कॉलेजच्या मानव्यविद्या संदर्भ कक्षाची खास प्रशंसा झाली होती. पेढे वाटले गेले, मीही एक हातात घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

परवा जळगाव जामोदच्या बसस्थानकावर एक बाई "मॅडम" म्हणून थांबली. कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी, हसणे तेच, अवचित. सासरी सारे ठीक आहे म्हणाली, अब्बांची तब्येत आता ठीक नसते म्हणाली. तिची बस लागली होती, वाहक घंटीच्या दोरीला हात घालून ओरडत होता, ती चढली, आणि पायरीवरूनच मागे वळून तिने विचारले, "ते खोली उघडली का हो, मॅडम?"

"नाही," मी म्हटले.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "उघडली असती तं मले लय लागलं असतं."

बस निघून गेली. तिच्या जागी आता माझ्या वर्गात दुसऱ्या मुली बसतात, तिचे नाव त्यांना ठाऊक नाही आणि ते त्यांना सांगायचे धैर्य मला होत नाही. माणूस गेले की त्याची जागा रिकामी होते, असे आपण सहज बोलून जातो, आणि काळ ती जागा भरून काढतो असेही आपणच म्हणतो. पण जिला बसायला जागा मिळालीच नाही, ती गेल्यावर नेमके काय रिकामे झाले आणि काळाने भरायचे तरी काय, हे मला कुणी सांगत नाही.