नवव्या फेरीची घंटा

मित्रांनो, मी पितळेची आहे, वयाने बरीच जुनी आहे आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणाशेजारी वाजण्यात माझे आयुष्य गेले. सांगण्यासारखे माझ्याजवळ फार आहे असे मला वाटत नाही. जे आहे ते नीट सांगता येईल की नाही, याचीही शंका आहे. तरी सांगते, कारण एका माणसाची अब्रू माझ्या एका टोल्यात चौतीस वर्षे अडकून पडली होती.

सेबूच्या बंदरात बुडालेल्या एका बोटीचा पंखा वितळवून एका ओताऱ्याने मला घडवले. तिथून मी सान रोके गावात आले. जत्रेच्या दिवसांत कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात दोर बांधून रिंगण करत आणि मला लाकडी चौकटीत टांगून, पाठ रिंगणाकडे करून, कडेच्या टेबलावर ठेवत. लाकडी मुठीची हातोडी माझ्यावर मारण्याचे काम नोंग तिबुर्सियोंचे. 'नोंग' आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या नावाआधी लावतात. गावात घड्याळे दुरुस्त करणारे ते एकटेच होते. त्यांच्या हाताखाली मी बारा वर्षे वाजले. लोक म्हणत, या घंटेवर वेळ धरून भात शिजवावा, करपायचा नाही. ते ऐकून मला फार बरे वाटे.

पण या धंद्यात राहून मी संशयही शिकले. हातमोज्याच्या आतली पट्टी इतकी जाड का? पाण्याच्या बाटलीला हा वास कसला? पंच काल कोणाच्या घरी जेवला? मी कोणावर पुरता विश्वास ठेवत नसे. त्याला मी हुशारी समजत होते.

जगात आजवरचा सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा वाद तुमच्याकडेही होत असेल. आमच्याकडे तो दुपारच्या माडीबरोबर सुरू होतो. आधी अमेरिका, मेक्सिको, मनिला अशी कुठकुठची नावे येतात. दुसरा पेला भरेपर्यंत दोनच उरतात: सुतारकाम करणारा मेल्चोर आणि मासेमारी करणारा रुस्तिको. दोघेही आमच्या गावचे, आणि दोघे एकमेकांशी एकदाच लढले.

त्या लढतीत नवव्या फेरीत रुस्तिकोने मेल्चोरला दोरांपाशी गाठले. मेल्चोरचे हात खाली आले होते, गुडघे वाकत होते. आणखी एक ठोसा बसला असता तर सगळे संपले असते. तेवढ्यात मी वाजले. पंच मध्ये पडला आणि दोघांना आपापल्या कोपऱ्यात पाठवले. फेरी संपायला अजून वीस सेकंद होते. दम खाऊन आलेल्या मेल्चोरने दहाव्या फेरीत रुस्तिकोला आडवे केले.

"मी नाही मारली! मी नाही!" नोंग तिबुर्सियो हातोडी उंचावून ओरडत होते. हातात हातोडी धरून असे ओरडणाऱ्याचे कोण ऐकणार? त्यात मेल्चोर त्यांचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातांवर घेतले होते. गावाला तेवढे पुरले.

आणि मित्रांनो, मलाही तेच वाटले. तो टोला नेहमीसारखा बसला नव्हता, हे मला जाणवले होते. पण मी मनाशी म्हटले, हात थरथरला असेल; चोरी करताना थरथरतोच.

वेळ चोरणाऱ्याच्या हाती घड्याळ कोण देणार? लोक शेजारच्या गावी जाऊ लागले. नोंग तिबुर्सियो छत्र्या दुरुस्त करू लागले. मेल्चोर खलाशी होऊन गेला आणि दूरच्या एका बंदरात तापाने वारला. गाव सोडण्याआधी त्याने धर्मपित्याला विचारले होते म्हणे, "खरं सांगा, तुम्हीच ना?"

पुढे विजेची घंटा आली आणि क्रिस्पुलो न्हाव्याने मला आपल्या दुकानात, आरशाशेजारी खिळ्याला टांगले. गिऱ्हाइके माझ्यावर टोप्या अडकवत. केस, तेल आणि धूळ यांचा थर चढून मी काळी पडले. मला कोणी पुसले नाही.

यंदा गावाने छप्पर घातलेल्या खेळाच्या मैदानाच्या भिंतीवर एक चित्र काढायचे ठरवले. खाली लिहायचे, 'जगातला सर्वांत मोठा बॉक्सर आमचा'. पण चित्र कोणाचे? दुकानात गर्दी झाली. खुद्द रुस्तिको तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता.

"रुस्तिकोचंच निघणार," जीपगाडी चालवणारा एन्योंग म्हणाला. "मेल्चोरला जिंकवलं घंटेनं. हवं तर घंटेचं चित्र काढा!"

"लेका, दहाव्या फेरीतला ठोसा काय घंटेनं मारला?" वस्तरा परजत क्रिस्पुलो ओरडला. मेल्चोरचा याच्याएवढा भक्त गावात दुसरा नव्हता.

"वीस सेकंद फुकट मिळाले तर माझी आजीसुद्धा मारेल! नोंग तिबुर्सियोंनी एकदाचं लिहून द्यावं की आपण लवकर वाजवली. वाद मिटला."

दारात नोंग तिबुर्सियो उभे होते. कोणाची तरी छत्री परत द्यायला आले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "कागद द्या. लिहून देतो मीच वाजवली म्हणून. माझ्या नातीला शाळेत 'वीस सेकंद' म्हणून हाका मारतात. माझं काय राहिलंय आता? ती तरी सुटू दे."

एन्योंगने लगेच खिशातून पेन काढले. क्रिस्पुलोचा वस्तरा रुस्तिकोच्या गळ्याशी थांबला.

"नोंग, लिहू नका," तो म्हणाला. "ती मी वाजवली."

कोणालाच काही कळेना.

"मी पुढच्याच बाकावर होतो. मेल्चोरवर पैज लावली होती. तो दोरांना टेकला आणि मला वाटलं, गेला. हरलोच आहोत तर देऊन मोकळं व्हावं. म्हणून नोटेत खडा गुंडाळला आणि ज्याच्याशी पैज होती त्या रिंगणापलीकडच्या माणसाकडे फेकला, कोंबड्यांच्या झुंजीत हरलेले पैसे फेकतो तसा. तो घंटेला लागला."

"आणि चौतीस वर्षं तोंड शिवलं होतंस?" रुस्तिकोने विचारले.

"काय सांगू? मेल्चोर जगात मोठा म्हणून रोज घसा फोडणारा मी. त्याच्यावरचा विश्वास सगळ्यांत आधी माझाच उडाला, हे सांगू?"

"आजच बरं आठवलं!" एन्योंग फिस्कारला. "मेल्चोरची बाजू सावरायला रचलंय हे सगळं."

नोंग तिबुर्सियोंनी मला खिळ्यावरून काढले. सदऱ्याच्या टोकाने पुसले, डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले आणि मला उलटे केले. माझ्या पाठीवर, हातोडी कधीच पोहोचत नाही अशा जागी, एक बारीक खोच होती. मला ती दिसणे शक्यच नव्हते. त्या हातांखाली मला इतकी लाज वाटली, की बोलता आले असते तरी मी बोलले नसते.

एन्योंगनेही भिंग लावून पाहिले. "ही परवा पाडलेली नसेल कशावरून?"

"असेलही," नोंग तिबुर्सियो थकून म्हणाले आणि छत्री ठेवून निघाले.

"थांबा, नोंग." रुस्तिकोच्या एका गालावर अजून फेस होता. त्याने मनगटावरचे घड्याळ काढले. "हे दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं. बघाल का?"

"गड्या, तू यांना घड्याळ देतोस?" एन्योंग चकित झाला. "हरलास तर तूच!"

"कोण हरलं ते मला ठाऊक आहे. कधी मिळेल, नोंग?"

नोंग तिबुर्सियोंनी घड्याळ कानाशी धरले. बराच वेळ धरून ठेवले. "शनिवारी. चार वाजता."

"चार म्हणजे चार," रुस्तिको एन्योंगकडे वळून म्हणाला. "तूही ये बघायला." मग तो खुर्चीत मागे रेलला. "क्रिस्पुलो, उरलेली दाढी कर. आणि हात थरथरू देऊ नकोस."

भिंत अजून पांढरीच आहे. वाद चालूच आहे. एन्योंग दाढीला आला की माझी खोच नखाने चाचपतो, आणि त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. माझीही संशयाची सवय गेली आहे, असे छातीठोक सांगवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात खिळ्याला टांगून विसरलेले काही असेल, तर ते खाली काढा, पुसा, त्याची मागची बाजूही पाहा. आणि ज्याच्याविषयी सारे गाव एकच गोष्ट सांगते, त्या माणसाला एकदा स्वतः जाऊन विचारा. बारा वर्षे नोंग तिबुर्सियोंच्या हाताशी राहूनही मी तेवढे केले नाही.