उजव्या वळणावर विझणारा दिवा

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा घाट चढायला लागलो तेव्हा लागला, आणि तो लागल्याचे प्रथम मावशीने सांगितले. मावशीला त्या काळात उजव्या डोळ्याने फक्त उजेड आणि अंधार कळत असे, डाव्याने वाफ धरलेल्या काचेतून दिसावे तसे जग दिसे. हे लक्षात घेता ही बाब माझ्या ड्रायव्हिंगबद्दल फारसे चांगले सांगत नाही.

“तुझ्यासमोर काहीतरी लाल पेटलंय,” ती म्हणाली. “विटकरीकडे झुकलेला लाल. मघाशी नव्हता.”

मावशीने उभा जन्म रंगाच्या दुकानात काढला. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येई आणि ती निरनिराळ्या डब्यांतले थेंब घालत, काठीने ढवळत, नेमका तोच रंग हाती देई. मग एकदा तिने मोतिया म्हणून फिकट हिरवा दिला. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने जाहीर केले की यापुढे आपण नुसते काउंटरवर बसू. मालकाने रंग जुळवणारे यंत्र आणले. मावशी त्या यंत्राला ‘सवत’ म्हणते.

तिच्या दोन्ही डोळ्यांचे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, गढूळ झाले होते. उपाय एकच होता: दान मिळालेला पडदा बसवणे. त्यासाठी ती यादीत होती, आणि यादी सरकण्यासाठी कोणीतरी अनोळखी माणूस मरावा लागतो, हे तिला अजिबात रुचत नसे. त्या दिवशी सकाळी रुग्णालयातून फोन आला. उजव्या डोळ्यासाठी कॉर्निया उपलब्ध होता. संध्याकाळी सातच्या आत दाखल व्हायचे, रात्री तपासण्या, पहाटे शस्त्रक्रिया. उशीर झाल्यास तो यादीतल्या पुढच्या माणसाला. तिच्यासाठी दुसरा केव्हा येईल, हे फोनवरच्या बाईंना सांगता येत नव्हते, आणि त्यांनी ते सांगण्याचा आव आणला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

मी मोजमापाची उपकरणे तपासून त्यांची अचूकता ठरवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे त्या लाल दिव्याचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. चालत्या गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर तयार करतो. बॅटरी ही केवळ गाठीशी बांधलेली शिदोरी. दिवा लागला याचा अर्थ नवी वीज येणे थांबले आहे आणि आपण शिदोरीवर जगतो आहोत.

“एसी बंद, रेडिओ बंद, फोनचं चार्जिंग बंद,” मी म्हटले. “काचा उघड.”

“आणि मी?”

“तू वीज खात नाहीस.”

“तेवढं एक बरं आहे माझ्यात.”

परत फिरण्याचा विचार मी केला आणि सोडून दिला. मागे जाणे पुढे जाण्याइतकेच लांब होते आणि मागे रुग्णालय नव्हते. मावशीने तर तो विचार केलाही नाही. ती कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि समोर पाहत होती, म्हणजे समोर तोंड करून होती.

पुढच्या एका वळणावर दिवा विझला.

“गेला,” मावशी म्हणाली. “मी थोपटलं म्हणून गेला.”

तिला गाड्या, मिक्सर, नळ अशा सर्व वस्तूंशी बोलण्याची सवय आहे. एखादे वळण आले की ती डॅशबोर्डवर तळहात ठेवून दोनदा थोपटत असे आणि “चल गं बाई” असे म्हणत असे. वळण संपले, रस्ता सरळ झाला, दिवा पुन्हा लागला. आणखी दोन वळणांनी तिने थोपटले आणि दिवा विझला. त्यानंतरच्या वळणावरही तेच घडले.

“आता बोल, प्रयोगशाळे,” मावशी म्हणाली. मी नोकरीला लागल्यापासून हे माझे घरातले नाव आहे.

योगायोग तीनदा झाला की त्याला आणखी थोडे होऊ द्यावे, अशी आमच्या धंद्यातली शिस्त आहे. पण तो दुर्लक्षून चालत नाही. थोपटण्याने दिवा विझतो हे मला मान्य नव्हते. दिवा विझतो हे मात्र नाकारता येत नव्हते. विझलेला दिवा म्हणजे त्या क्षणी अल्टरनेटर काम करतो आहे. आणि जो काम करू शकतो तो मेलेला नाही.

“आता सरळ रस्त्यावर थोपट,” मी सांगितले.

तिने थोपटले. दिवा तसाच राहिला.

“मनापासून थोपटलं नाहीस.”

“अगं, माझाच हात मला ओळखू येत नाही होय? मनापासूनच थोपटलं.”

“बरं. आता वळण येतंय. थोपटू नकोस.”

“म्हणजे आता मी प्रयोगाचा उंदीर झाले.”

“दोन्ही हात पिशवीवर ठेव.”

वळण आले, तिने दातओठ खाऊन हात पिशवीवर ठेवले, आणि दिवा विझला. मावशीचा चेहरा पडला असावा. मी रस्त्याकडे पाहत होते. पुढचे वळण डावे होते. तिथे दिवा विझला नाही, आणि माझ्या लक्षात आले की तिने आधीही डाव्या वळणांवर कधी थोपटले नव्हते.

त्याचे कारण साधे होते. गाडी उजवीकडे वळली की आतला माणूस डावीकडे फेकला जातो. मावशी डावीकडे बसलेली, म्हणजे दाराच्या बाजूला. डोळ्यांना वळण आधी दिसत नसल्याने तोल जाताच ती आधारासाठी डॅशबोर्डकडे हात नेई, आणि हात गेलाच आहे तर थोपटून घेई; डाव्या वळणावर ती माझ्याकडे कलत असे आणि माझा खांदा धरत असे. बॉनेटखालची एखादी सैल वायरही त्याच वेळी, त्याच नियमाने, डावीकडे झुकत असणार आणि क्षणभर जागेवर टेकत असणार. एकाच कारणाची ही दोन कार्ये होती. मावशीने त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे कारण मानले होते, आणि ही चूक तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकलेल्या लोकांनी केलेली मी पाहिली आहे.

मी तिला हे समजावून सांगितले.

“म्हणजे वायर आणि मी, दोघी सारख्याच.”

“एका अर्थी.”

“मग तिला हात लावून बघ की. इथं गप्पा काय मारतेस?”

सूचना रास्त होती, परंतु घाटात थांबायला जागा नव्हती, आणि इंजिन एकदा बंद केले तर ते पुन्हा सुरू होईल याची खात्री मला राहिली नव्हती. घाट उतरलो. खाली मैदान होते आणि रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. वळणे संपली, तशी अधूनमधून मिळणारी विजेची भीकही संपली. दिवा आता सतत लागून होता. थोड्याच वेळात स्टिअरिंग जड झाले, आणि डॅशबोर्डवर असे दोन दिवे उजळले ज्यांची चित्रे मी यापूर्वी फक्त माहितीपुस्तिकेत पाहिली होती.

“पिवळे आहेत ते,” मावशी म्हणाली. “घाणेरडा पिवळा.”

पेट्रोल पंपाला लागून एक गॅरेज होते. मी इंजिन चालूच ठेवून गाडी आत घेतली, बॉनेट उघडले, माझ्या कामाच्या पिशवीतला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, काढून बॅटरीला लावला. चालत्या गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. साडेअकरा दिसत होते.

गॅरेजचे मालक हात पुसत आले. अंगापिंडाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा असा माणूस. त्यांनी दिवा पाहिला, मीटर पाहिले आणि मला पाहिले.

“अल्टरनेटर गेलाय. नवीन मागवायला लागेल. उद्या दुपारपर्यंत येईल.”

“गेलेला नाही. उजव्या वळणावर चालतो.”

“काय?”

“गाडी उजवीकडे वळली की दिवा विझतो.”

त्यांनी यावर विचार केला. “मग सोपं आहे. उजवीकडेच वळत राहा.”

गाडीतून मावशीच्या हसण्याचा आवाज आला. ती मला नेहमीच परक्यांच्या बाजूने हसते.

“तुमची खात्रीच करून देतो,” असे म्हणत मालकांनी पाना उचलला आणि बॅटरीच्या एका टोकाला लावला. हे काय आहे ते मला ठाऊक होते. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवायची. इंजिन बंद पडले तर अल्टरनेटर वाईट, चालत राहिले तर चांगला. जुन्या गाड्यांवर ही परीक्षा चालत असे. नव्या गाड्यांत विजेचा एकच झटका संगणकाचा निकाल लावू शकतो. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“ते नको.”

“बाई, मी आयुष्यभर असंच तपासत आलोय.”

“गाडी त्याहून नवीन आहे. मामा, सातच्या आत हिला दवाखान्यात पोचवायचंय. डोळा बसवायचाय. आज नाही पोचलो तर तो दुसऱ्याला जाईल. मला अल्टरनेटर नको आहे. त्याच्या मागच्या वायरी एकेक करून हलवा आणि मी मीटरकडे बघते. काही झालं नाही, तर तुम्ही म्हणाल ते.”

त्यांनी पाना खाली ठेवला. मामा म्हटल्याने असेल किंवा डोळ्यामुळे. या दोहोंचा परिणाम वेगळा काढण्याची सोय नव्हती. बोलणे मात्र थांबले. त्यांनी छोटा टॉर्च दातांत धरला, इंजिनमागे खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपायला सुरुवात केली.

“ही?”

“नाही.”

“ही जाड?”

“नाही.”

“ही बारीक, प्लगातली.”

मीटरवरचा आकडा चौदावर उडाला आणि लगेच खाली पडला.

“तीच. पुन्हा डावीकडे दाबा.”

चौदा. सोडल्यावर साडेअकरा. दाबल्यावर पुन्हा चौदा. मालकांनी दातांतला टॉर्च काढला आणि स्वतः तीनदा दाबून पाहिले. मला ते आवडले. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असता, तर मला आवडले नसते.

अल्टरनेटरला जागे करणारी ती बारीक वायर होती. वरचे प्लास्टिक धडधाकट, आतली तांब्याची तार तुटलेली. दिसायला अखंड, आतून दोन तुकडे. इंजिन चालू ठेवूनच काम करणे धोक्याचे होते, म्हणून ते बंद केले. आणि बंद केल्यावर ती शांतता कोणालाच सुखाची वाटली नाही. मालकांनी तुटका भाग कापला, नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली आणि वायर पुन्हा झुलू नये म्हणून पट्टीने बांधून टाकली. मग त्यांच्या बॅटरीला आमची जोडून चावी फिरवली. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला.

“वळवून बघा दोन्हीकडे,” ते खिडकीशी वाकून म्हणाले. मग मावशीला: “माई, नवीन डोळ्यानं हा रस्ता बघायला या परत. बघण्यासारखं काही नाही, पण या.”

“बोर्ड नवा रंगवून ठेवा तोवर,” मावशी म्हणाली. “मला एवढं कळतंय की तो फिका पडलाय.”

रस्त्याला लागल्यावर तिने विचारले, “माझं थोपटणं अगदीच फुकट गेलं का गं?”

“निरीक्षण बरोबर होतं. निष्कर्ष चुकला. तू थोपटलं नसतंस तर मी वळणं मोजलीच नसती, आणि मैदानात बंद पडल्यावर मीही अल्टरनेटर गेला असंच म्हटलं असतं.”

“म्हणजे निम्मे मार्क.”

“साठ टक्के.”

आम्ही सातच्या आत पोहोचलो, बेताने पण निश्चित. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर फिनाइलचा वास असलेली एक लांब खोली होती. टेबलामागच्या परिचारिकेने मावशीचे नाव विचारून फाइल काढली, आणि मग आमच्याकडे न पाहता भिंतीलगतच्या बाकाकडे वळून म्हणाली, “काका, पेशंट आल्या.”

बाकावर एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. गृहस्थांच्या पायाशी मावशीच्या पिशवीसारखीच एक पिशवी होती. यादीतला पुढचा माणूस म्हणजे हे. फोनवर ते शब्द ऐकताना, आणि दिवसभर त्या शब्दांच्या पुढे पळताना, त्यांना पाय असतील, पिशवी असेल, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. वाटेतून आम्ही अडचण कळवली होती आणि रुग्णालयाने रीतसर त्यांना बोलावून ठेवले होते.

परिचारिकेचा आवाज जिकडे वळला त्या रोखाने मावशी चालत गेली आणि त्यांच्याशेजारी बसली.

“कुठला डोळा?”

“उजवा.”

“माझाही.”

“गाडी बंद पडली होती म्हणे तुमची.”

“पडायच्या बेतात होती. भाची हट्टी आहे.”

“आम्ही तशी इच्छा धरली नव्हती, एवढं सांगतो.”

“बाबा, मी धरली होती,” मुलगी खाली पाहत म्हणाली.

“धरणारच,” मावशी म्हणाली. “मीही धरली असती.”

मावशीने त्यांना विचारले नाही की तुम्ही काय काम करता, आणि माफीही मागितली नाही. तिचा नंबर होता आणि तो घेण्यासाठी ती आली होती. परिचारिकेने तिला आत बोलावले तेव्हा तिने पिशवी माझ्याकडे दिली.

“यांना स्टँडवर सोडून ये. गाडी चालतेय ना?”

“चालतेय. पण तू?”

“मी आता कुठं पळून जातेय?” मग दाराशी थांबून तिने विचारले, “तो पडदा टिकेल ना गं?”

“बहुतेक टिकतात. खात्री देता येत नाही.”

“बहुतेक पुरे,” ती म्हणाली आणि आत गेली.

गृहस्थ प्रथम नको म्हणाले. मग मुलीने त्यांची पिशवी उचलली. ते मावशीच्या जागी बसले, मुलगी मागे. स्टँडपर्यंतचा रस्ता वर्दळीचा होता, आणि सावकाश चालवत मी त्यांना लाल दिव्याची आणि तुटक्या वायरीची हकीगत सांगितली.

“आमचीही गाडी आहे,” मध्येच ते म्हणाले. “तिचाही लाल दिवा अधूनमधून लागतो. म्हणून आज बसनं आलो. आता यादीत पहिला मी ना?”

“हो. पहिले तुम्हीच.”

“मग फोन आला की गाडी लागेल. सांगा बरं, कुठली वायर म्हणालात?”

मी गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला आणि मुलीच्या हातात मल्टिमीटर देऊन तो बॅटरीला कसा लावायचा, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.