गुहेतली उडी

"मंडळी, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर माझंच काहीतरी चुकलं म्हणायचं!"

दाजीने माईकवर असं जाहीर केलं आणि पर्यटकांनी भरलेली लाँच धक्क्यावरून सुटली.

हे वाक्य त्याचं रोजचंच. आज मात्र ते त्याने आकाशाकडे बघत म्हटलं, कारण पुढच्या बाकावर छत्री मांडीवर आडवी धरून सासूबाई बसल्या होत्या. लाँच सासऱ्यांनी घेतलेली, त्यांच्यामागे सासूबाईंची. माईकवर जावई दाजी, इंजिनावर मुलगा, म्हणजे दाजीचा मेहुणा, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. चार वर्षांपूर्वी दोघे एकदा नखशिखांत भिजून घरी आले, ते अबोला घेऊनच. काय घडलं ते मेहुणा सांगेना, दाजीला विचारायची सोय नव्हती. शेवटी आज सकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं, "एक फेरी मी डोळ्यांनी बघणार. परत आल्यावर तुमच्यातला एक जण उतरेल तो कायमचा."

दाजी उतरून जाणार कुठे? जीभ सोडली तर त्याच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. त्याने खिशातला कंगवा काढून वाऱ्याने विस्कटलेली आपली दाट झुलपं बसवली आणि कामाला लागला.

"ही खडकातली कमान. सगळे हिच्या खालून जातात. मी एकदा वरून गेलो! लाटच अशी आली की लाँच उचलली, आणि कमानीवर बसलेला बगळा मला म्हणाला..."

घर्रर्र! नेमकं तिथेच इंजिन गरजलं. बगळा काय म्हणाला ते बगळ्यालाच ठाऊक.

"काय म्हणाला हो?" पिवळ्या टोपीतल्या बाईंनी मागे वळून मेहुण्याला विचारलं.

"त्यांना सांगा, आमच्या इंजिनाला थापा पचत नाहीत," मेहुणा म्हणाला. "ढेकर देतं."

माणसं हसली. दाजीच्या मस्तकात तिडीक गेली.

पुढे पक्ष्यांचा खडक. इथले पक्षी प्रवाशांच्या टोप्या पळवून त्यांत अंडी घालतात आणि पिल्लं उडाली की टोपी ज्याची त्याला घरपोच आणून देतात, असं दाजी रंगवून सांगत होता. तेवढ्यात मेहुण्याने सुकाणू असं वळवलं की एक लाट थेट दाजीच्या तोंडात शिरली.

"मंडळी, हे आमचे चालक," दाजी खारट थुंकत म्हणाला. "ह्यांच्या हातात सुकाणू म्हणजे डाव. आमटी ढवळतात!"

"त्यांना सांगा, आमटी तरी खरी असते."

उथळ पाण्याच्या खाडीत लाँच थांबली. पोहायचे ते पोहायला उतरले. पिवळ्या टोपीतल्या बाई पाण्यातून ओरडल्या, "दाजी, तुम्ही नाही येत?"

"मी उतरलो तर भरती येते, बाई! किनाऱ्यावरच्या लोकांची घरं बुडतील."

मेहुणा नाकातल्या नाकात हसला. त्याने कानापर्यंत ओढलेल्या टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट केली आणि समुद्राकडे बघत बसला. सासूबाईंनी ते हसणं ऐकलं. त्यांनी ऐकलं, हे दाजीने पाहिलं.

बस्स. गुहेची गोष्ट आजवर त्याने कुणालाही सांगितली नव्हती. आज मात्र लाँच गुहेच्या काळ्या तोंडाशी आली आणि दाजी बाकावर उभा राहिला.

"ही गुहा बघून ठेवा! चार वर्षांपूर्वी इथे एक माणूस लाँचवरून पडला. नाव घेत नाही, इंजिनाला राग येईल. पाणी असं खवळलेलं की देवमासेसुद्धा किनाऱ्यावर येऊन उभे राहिलेले! आणि तो गडी आत खेचला गेला, किंचाळत, आईला हाका मारत..."

मेहुण्याने इंजिन गरजवलं नाही. बंदच केलं. सगळीकडे अशी शांतता पसरली की दाजीचा शब्द न् शब्द गुहेतून फिरून परत यायला लागला.

"मी मागचापुढचा विचार केला नाही. मारली उडी! पाण्याखाली काळोख. हात फिरवला, केस लागले. धरले केस मुठीत, दोन पीळ दिले, आणि तसाच केसांनी फरफटत बाहेर काढला! आजही वारा सुटला की टाळू ठणकते..." दाजी अडखळला. "त्याची. त्याची टाळू ठणकते."

"जावईबापू." सासूबाईंनी छत्री टेकली आणि उठल्या. "केसांना धरून? ह्याच्या?"

त्या लेकाकडे वळल्या.

"टोपी काढ रे."

मेहुण्याने हनुवटीखालची दोरी सोडली. उन्हात त्याचं डोकं पितळी भांड्यासारखं चकाकलं.

"तुमच्या लग्नाआधीपासून माझ्या लेकाच्या डोक्यावर केस नाही," सासूबाई म्हणाल्या. "मुठीत धरून पीळ देण्याइतके केस तुम्हा दोघांत एकालाच आहेत, आणि तो गुडघाभर पाण्यातही उतरत नाही. खोटं बोलताय तुम्ही! उडी ह्याने मारली आणि बाहेर निघालात तुम्ही. धक्का आला की माईक बाकावर ठेवा आणि उतरा."